गाण्यातली मुलगी खोलीतून बाहेर का आली नाही

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे जुने कार्यकर्ते माननीय नानासो, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले, नात्यानं माझे चुलत दीर लागणारे माजी सरपंच माननीय आप्पासो, हायस्कूलच्या मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरची इतर थोर मंडळी, शिक्षकवर्ग, शिपाईमामा, समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या आयाबाया, खुर्च्या धरून बसलेली बापेमंडळी, मागं भिंतीला टेकून मी कधी संपवते याची वाट बघणारी पोरं, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आपले इंग्रजीचे नाथाजी सर. सर्वांना माझा नमस्कार. कुणाचं नाव राहिलं असेल तर त्यांनी ते यातच धरून घ्यावं.

मी मनुबाई केरबा शेलार. हायस्कूलच्या कुंपणाला लागून पिठाची गिरण आहे, ती माझी. हा माइक जरा बाजूला घ्या. गिरणीत जन्म गेला, माझा आवाज माइकशिवाय धरणाच्या भिंतीपर्यंत जातो.

शिक्षण माझं चौथी, त्यातही शेवटी शेवटी गेलेच नव्हते. तेव्हा भाषण कसं असावं ते मला ठाऊक नाही. मघाशी तिघं बोलले. तिघांनीही सरांना दीपस्तंभ म्हटलं. या कोयनानगरात कुणी दीपस्तंभ बघितलाय का? मी तर नाही बघितला. सर मला माहीत आहेत ते ज्वारीची पिशवी घेऊन येणारे, आणि पीठ जाड पडलं तर तोंडावर सांगणारे. त्या माणसाबद्दल मी बोलणार.

पत्रिकेत माझं नाव नव्हतं. मी मुख्याध्यापिका बाईंकडं गेले आणि म्हटलं, मला बोलायचंय. बाई म्हणाल्या, "मनुताई, कशाविषयी?" मी म्हटलं, "माझ्या पोरीविषयी." बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. मी पाणी प्याले, आणि नाव लिहून घेतल्याशिवाय उठले नाही. बाई, तुमचे आभार. तुमची झोप उडाली असेल, ते मला कळतंय.

तर मुद्द्यावर येते. गेले काही महिने या कॉलनीत एक बोललं जातं. "नाथाजी सरांनी इंग्रजी गाण्याचा अर्थ सांगितला आणि मनुबाईच्या पोरीचं घर मोडलं." टाकीपाशी बोललं गेलं, बाजारात बोललं गेलं, आणि माझ्या गिरणीत उभं राहून, पट्टा चालू असताना हिला काय ऐकू येतंय असं समजून बोललं गेलं. गिरणीवालीला ओठ बघून कळतं, हे बायांनो तुम्ही विसरलात. सर निवृत्त होऊन उद्या वाईला कायमचे निघालेत. हे बोलणं त्यांच्या ट्रंकेत भरून मी त्यांना जाऊ देणार नाही. म्हणून उभी राहिले.

आता सुरुवातीपासून सांगते.

सरांचा शनिवारचा शेवटचा तास सगळ्यांना ठाऊक आहे. छोटा स्पीकर टेबलावर ठेवायचा, इंग्रजी गाणं लावायचं, एक ओळ झाली की थांबवायचं आणि विचारायचं, "याचा अर्थ काय?" वर्गाच्या खिडक्या माझ्या गिरणीकडं. दळण कमी असलं की मलाही ऐकू यायचं. एकदा गाण्यातली बाई म्हणाली म्हणे, त्यानं माझ्या खिशात चंद्र ठेवला. वर्गातनं एक पोरगा ओरडला, "सर, खिसा फाटंल की!" दुसरा म्हणतो, "आन आवसंला काय ठेवणार?" सगळा वर्ग हसतोय, सरही हसतायत. मला मात्र राग आला. संध्याकाळी सर दळण न्यायला आले तेव्हा मी धरलं त्यांना.

"सर, पोरं खिशात चंद्र घालायला शिकाया येत्यात व्हय शाळेत? त्यानं मला सुखात ठेवलं, असं सरळ म्हणायचं. झालं की. एवढा वळसा कशाला?"

सर म्हणाले, "बरं. माझं दळण अजून का झालं नाही?"

"गिरण रुसलीया सकाळपासनं."

"गिरण रुसते?"

"पट्टा सरकतोय आवं. डोकं खाऊ नका माझं."

"मी खाल्लं? मग तुमच्या मानेवर हे काय दिसतंय?"

बाया पाट्या खाली ठेवून हसल्या. मी पीठ त्यांच्या पिशवीत जरा जोरातच ओतलं, सरांचा सदरा पांढरा झाला. पण तेव्हापासून माझी पंचाईत झाली. बोलता बोलता मध्येच थांबते. हे मी खरं म्हटलं की गाण्यातल्यासारखं म्हटलं? गिऱ्हाईक उभं, आणि मी विचार करतेय. धंद्याच्या वेळी लय त्रास होतो त्याचा, सर.

माझी मुलगी उत्कर्षा. सरांच्या हाताखाली दहावी झाली, पुढं बारावी केली. तिचं स्थळ आप्पासोंनी आणलं. विट्याकडचं घर. त्या भागातल्या पुष्कळ घरांसारखाच सोनं गाळायचा धंदा. दुकान लांब, कोइमतूरला. जावई इंद्रजितराव, निर्व्यसनी, बोलायला मऊ. आप्पासो, स्थळ तुम्ही वाईट आणलं असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. तुम्ही निवांत बसा. मी कुणाला वाईट म्हणायचं नाही, असं उत्कर्षानं मला बजावून पाठवलंय. ती तिथं तिसऱ्या रांगेत बसलीय. तिला विचारूनच बोलतेय.

तिच्या सासरी एक पद्धत. संध्याकाळी जेवणाआधी सगळी माणसं एकत्र बसणार आणि गावाकडं फोन लावणार. फोन मधे, स्पीकरवर. सगळे सगळ्यांशी बोलणार. चांगलीच पद्धत आहे, मी नावं ठेवत नाही. मी विचारायची, "कशी हायस गं?" ती म्हणायची, "मजेत." मागनं विहीणबाई म्हणायच्या, "मजेत न्हाई तर काय!" आणि सगळे हसायचे. मीही हसायची.

आता तुम्ही म्हणाल, दुपारी एकटीला फोन करून आईला सांगायचं होतं. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? सकाळी तिनं सांगितलं असतं तर दुपारपर्यंत मी विहीणबाईंना फोन लावून त्यांचा उद्धार केला असता, आणि संध्याकाळी तिथं तोंड द्यायचं तिला. पोरगी आईला ओळखून आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर ती गोष्ट इतकी बारीक, की ऐकणारा म्हणणार, एवढंच होय?

एक दिवस आप्पासोंची लेक अंकिता माझ्याकडं दळण घेऊन आली. कराडला कॉलेजात असते. फोन माझ्या तोंडापुढं धरला. "काकू, बघा तरी, उत्कर्षाताईनं काय भारी स्टेटस ठेवलंय!"

गुलाबाचं चित्र आणि त्यावर इंग्रजी ओळ. "द फ्लोअर हॅज लर्न्ड टू डान्स, अँड आय हॅव नॉट लेफ्ट द रूम." ही ओळ मी आता पाठ केलीय, म्हणून म्हणता येते. तेव्हा मी म्हटलं, "मराठीत सांग बाई."

"जमीन नाचायला शिकली, आन मी अजून खोलीतच हाय. म्हंजे काकू, ती इतकी प्रेमात हाय की पायाखालची जमीन नाचतीया, आन त्याला सोडून खोलीबाहेर जावंसंच वाटत न्हाई तिला."

"लग्नाला दोन वर्सं झाली, अजून नाचतीया?"

"काकू, तुमाला न्हाई कळायचं ते."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला बरं वाटलं. अंकितानं खोटं सांगितलं असं नाही. गाण्यात तेच असेल.

पण दुसऱ्या दिवशी तीच ओळ. त्याच्या पुढच्या दिवशीही तीच. मागचं चित्र बदलायचं, गुलाब जाऊन समुद्र यायचा, समुद्र जाऊन मांजराचं पिल्लू यायचं, ओळ तीच. मला सांगा, आनंदात असलेला माणूस गाणं बदलत नाही का? मला तर एकच भाजी दोन दिवस जात नाही.

सर ज्वारी घेऊन आले तेव्हा मी फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुमची विद्यार्थिनी काय लिहितीय बघा. सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग म्हणाले, "मनुबाई, गिरण बंद करा."

इतक्या वर्षांत सरांनी मला असं कधी सांगितलं नव्हतं. रांगेत बाया उभ्या, दळण अर्ध्यावर. मी खटका पाडला. जातं पूर्ण थांबेपर्यंत सरांनी वाट बघितली. मग म्हणाले, "हे गाणं मी हिच्या वर्गाला नववीत ऐकवलं होतं. याच ओळीवर थांबलो होतो. सगळ्या वर्गानं लिहिलं, प्रेमामुळं जमीन नाचते. बरोबरच आहे ते. कुठंही विचारलंत तरी हाच अर्थ सांगतील. एकटी उत्कर्षा उभी राहिली आणि म्हणाली, सर, ही मुलगी कोयनेची नाही."

"मग?"

"मी विचारलं, असती तर? ती म्हणाली, जमीन हलली की आम्ही आधी बाहेर पळतो, काय झालं ते मागनं विचारतो. ही बाहेर आली नाही. न यायला एकच कारण. दार बाहेरून लावलेलं असणार."

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते. इथं जमीन हलते. कधी भांडी वाजतात, कधी नुसता पंखा डुलतो. आमच्या घराघरांत दाराशी चपला असतात त्यांची तोंडं बाहेर. दाराची कडी एका बोटानं निघाली पाहिजे, म्हणून आमचे मालक कडीला तेल घालत असतात. देवापुढच्या दिव्यात एखाद्या दिवशी तेल कमी पडेल, कडीला नाही. ही उत्कर्षा लहानपणी पाहुण्यांकडं गेली की पाणी पिण्याआधी त्यांच्या दाराची कडी काढून बघायची. लोकांना वाटायचं, पोरगी आगाऊ आहे. आगाऊ कसली, ती कोयनेची आहे.

सरांचं ऐकलं आणि मी म्हटलं, "मग माझ्या पोरीला कोंडलंय?"

आता नीट ऐका, आप्पासो तुम्हीही ऐका, कारण हे शब्द सरांचे आहेत आणि साक्षीला रांगेतल्या बाया आहेत. सर म्हणाले, "तसं मी म्हणणार नाही. गाण्याच्या ओळीवरून कुणाच्या घरातलं सांगता येत नाही, उगाच एखाद्यावर आळ यायचा. कदाचित ती खरंच सुखात असेल आणि जुनं गाणं आठवलं असेल. मला एवढंच म्हणायचंय, की तीच ओळ अंकितानं लिहिली असती तर मी हसून फोन परत दिला असता. उत्कर्षानं लिहिलीय. ज्यानं म्हटली त्याच्याकडं बघून अर्थ लावायचा असतो, मनुबाई. फोन करू नका. जाऊन या. आणि तिथं पोचल्यावर तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात आकडे मोजा."

"ते कशाला?"

"तुमच्या स्वभावाला."

यात घर मोडायची गोष्ट कुठं आली, मला कुणी दाखवून द्यावी.

आम्ही दोघं गेलो. मी आणि आमचे मालक. मालक कमी बोलतात, तुम्हाला ठाऊक आहे. आत्तासुद्धा ते मागच्या खांबाआड जाऊन उभे राहिलेत. रेल्वेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, "चहा पिणार काय," एवढंच.

दुकान रस्त्यावर. मागं भट्टी. राहायच्या खोल्या वर, आणि वर जायचा जिना दुकानातनंच. दुकानाला लोखंडी जाळीचं दार आणि दाराला कुलूप. दुपारची वेळ. माणसं पेठेत गिऱ्हाइकांकडं गेलेली. विहीणबाई कुणाच्यातरी लग्नाला. मालकांनी जाळी वाजवली. वरनं उत्कर्षा खाली आली. आम्हाला बघितलं, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभीच राहिली.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. पायांकडं बघितलं. पायात चपला होत्या. घरात, भर दुपारी, पायात चपला घालून ती वावरत होती. दोन वर्षं.

ते बघितल्यावर मला विचारायचं काही राहिलं नाही.

ती जाळीशी आली. "आई, चावी न्हाई माझ्याकडं," म्हणाली. जसं काही तिचीच चूक. मग म्हणाली, "बसा, च्या करते." आम्ही बाहेर पायरीवर बसलो, ती आत. चहा करून आणला तर जाळीतनं कप जाईना. मग तिनं स्टीलच्या बारक्या पेल्यात ओतून एकेक करून दिला. रस्त्यावरची माणसं बघत जात होती. लेकीच्या दारात बसून, गजातनं हात घालून चहा प्यायचा. मालकांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "कुलूप रोज असतंय व्हय गं?"

"माणसं भाईर गेली की असतंय. आत सोनं असतंय ना, बाबा."

"चावी कुणाकडं?"

"एक सासूबाईंच्या कमरंला, एक थोरल्या दिरांकडं."

"तू मागितलीस?"

"मागितली. म्हणाले, तुला कुठं जायचंय?"

आणि खरंच, तिला कुठंही जायचं नव्हतं. हे लोकांना समजत नाही. खालनं भट्टीचा न् ॲसिडचा वास वर यायचा, आणि ही दिवसभर चपला घालून जिन्यापाशी. बाजारात हिंडायला मिळावं म्हणून तिला चावी नको होती. चावी जवळ आहे एवढं ठाऊक असतं तर ती दिवसभर घरातच बसली असती, आणि चपला काढून बसली असती.

तिला कुणी मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. खायला रगड, अंगावर दागिने. वाईट माणसं असती तर मला सोपं गेलं असतं. मी आरडाओरडा केला असता आणि मोकळी झाले असते.

विहीणबाई आल्या त्या हसतच. "आवं इनबाई! कवा आलासा? आदी सांगायचं न्हाई व्हय? काय गोडधोड केलं असतं!" आणि कमरेची चावी काढून कुलूप उघडलं. आम्हाला लाज वाटत होती, त्यांना काहीच वाटत नव्हतं.

मी आकडे मोजले, सर. मालकांना विचारा. मग म्हटलं, "कुलूप कशाला वो?"

"लोकांचं सोनं असतंय की आत. आमची रीतच हाय ती. माजी सासू बी अशीच राहिली, मी बी अशीच राहिले. काय झालं आमाला? सुनंला सोन्यावानी जपतो आमी, इनबाई."

"व्हय," मी म्हटलं. "दिसलं. सोनं बी कुलपात, सून बी कुलपात."

त्यांनी चावी परत कमरेला खोचली. मग मला म्हणाल्या, "सुरवातीला मलाबी लय घाबरल्यावानी व्हायचं." एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन कणीक मळायला बसल्या. त्या बाईवर मला राग धरता आला नाही. अजून धरता येत नाही.

संध्याकाळी सगळे बसले. आमचे मालक म्हणाले, "एक चावी पोरीजवळ असू द्या. बाकी काय न्हाई." थोरले दीर म्हणाले, "तिसरी चावी झाली, आन उद्या काय कमी-जास्त झालं, तर जबाबदारी कुणाची?" त्यांचंही बरोबर, धंदा विश्वासाचा. मी म्हटलं, "इंद्रजितराव, तुमी काय म्हणता?" जावयांनी ताटाकडं बघितलं. "दादा म्हणतील तसं."

मग उत्कर्षा बोलली. आतापर्यंत सगळ्यांना वाढत होती. भाकरीची टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "मग मी आईबाबांबरोबर जाते. चावी करून घ्या आन मला न्यायला या. मी येईन." आवाज चढवला नाही. रडली नाही. टोपली परत उचलली आणि दिरांना भाकरी वाढली.

हे ती बोलली. मी नाही बोलले. सर तर तिथनं शेकडो मैल लांब, इथं खडू हातात धरून उभे होते.

आता लोक म्हणतात, एका चावीपायी? आप्पासो, हे पहिल्यांदा तुम्ही म्हणालात. मास्तरनं गाणी शिकवून पोरीचं डोकं फिरवलं, हेही तुमचंच. भावजी, मी भांडायला उभी नाही. एकच विचारते. तुमच्या घराची चावी अंकिताकडं आहे का नाही? आहे. मी बघितलीय. दळणाला येते तेव्हा तिच्या बॅगेला लटकत असते, तिला लोकरीचं छोटं अस्वल लावलंय. तुम्ही तिला ती दिलीत ना? ती देताना तुम्ही काही विचार केलाच असेल. तोच विचार माझ्या पोरीसाठी करा. एवढंच.

चावीचं तिकडं अजून ठरतंय. जावयांचा फोन येतो. उत्कर्षा फोन घेऊन बाहेर रस्त्यावर जाते आणि बोलते. काय बोलते ते मी विचारत नाही. मला न विचारता बसायला किती जड जातं, ते मालकांना ठाऊक आहे.

आता सरांचं सांगते, कारण सर स्वतः सांगणार नाहीत.

आम्ही परत आलो, त्यानंतर सर एकदा दळणाला आले. गिरणीत उत्कर्षा होती. सर म्हणाले, "कशी आहेस?" ती म्हणाली, "बरी न्हाई, सर. पण भाईर हाय." सरांनी मान हलवली. ज्वारीची पिशवी ठेवून गेले, आणि संध्याकाळी पीठ न्यायला त्यांनी दुसऱ्याला पाठवलं. पुढं त्यांचं दळण यायचंच बंद झालं. मला वाटलं, पीठ जाड पडत असेल. जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाके घालून घेतले. तरी येईनात. मग कळलं, खालच्या बाजारातल्या गिरणीवर जातात. एवढा चढ, पाठीवर पिशवी, या वयात. का? तर माझ्या दारात सरांना बघितलं की लोकांची तोंडं परत सुरू होतात आणि पोरीला ऐकावं लागतं, म्हणून.

ज्यानं काही केलं नाही तो माणूस चढ चढून दळण आणतोय, आणि ज्यांनी तोंडं चालवली ते माझ्या गिरणीत सावलीला उभे राहतात. हे मला बघवत नव्हतं. सर, तुम्ही माझ्या पोरीचं घर मोडलं नाही. हे मी चारचौघांत, माइकशिवाय सांगते. सगळ्या कॉलनीला ती ओळ दिसत होती. वाचली सगळ्यांनी, ती कुणी लिहिलीय हे तुम्ही बघितलंत. आणि बघितल्यावर गिरण बंद करायला लावलीत. तुमची ज्वारी त्या दिवशी तशीच राहिली होती, हेही मला आठवतं.

आता आभाराचं. संस्थेचे आभार, इतकी वर्षं सरांना इथं ठेवलंत. बाईंचे आभार आधी मानलेत, परत मानते. सरांच्या घरच्यांचे आभार, वाईसारखं गाव सोडून या हलत्या जमिनीवर राहिलात. बोलण्यात माझ्याकडनं काही कमी-जास्त झालं असेल, कुणाला टोचलं असेल, तर पोटात घाला. नाहीच घालता आलं तर उद्या सकाळी गिरणीवर या आणि तोंडावर बोला. पट्टा बंद ठेवते.

एक राहिलं. पत्रिकेत छापलंय, सरांचा सत्कार माननीय आप्पासो यांच्या शुभहस्ते. मान तुमचा आहे, भावजी, मी नाकारत नाही. पण माझं म्हणणं, सरांच्या खांद्यावर आज शाल घालायची ती उत्कर्षानं. तिनं घातली की या कॉलनीत कुणाला काही बोलायचं राहणार नाही. तुम्ही नको म्हणालात तरी चालेल, मी खाली जाऊन बसते.

काय? मोठ्यानं बोला, भावजी, मागं ऐकू जात नाही.

बरं. नानासो, ते शालीचं ताट जरा आप्पासोंकडं द्या. ते स्वतः तिच्या हातात देतो म्हणतायत.

उत्कर्षा, ऊठ. ये वर. बायांनो, पाय घ्या जरा, तिला वाट द्या. सर, तुम्हीही उभे राहा आता. ती आली.